‘पट्टी मधेच जड होते गं’

आईच्या ओव्यांची फाईल १४२ पानांची झाली आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, साताऱ्याकडच्या गावी जात्यावर म्हटलेल्या ओव्या. तीन वर्षांपासून ती त्या आठवून, मावश्यांना फोन करकरून जमवते आहे आणि स्वतःच टाईप करते आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत तिचं आयुष्य गेलं. आता वय ७४. उजवा हात कापतो. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, वयाबरोबर काहींना येतो तसला कंप आहे. पण कप बशीत ठेवताना किणकिणतो, आणि माउस हातात घेतला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थरथरत राहतो.

मी डीटीपीचं काम करते. अक्षरं, समास, दोन ओळींतलं अंतर हे माझं रोजचं. कॉम्प्युटर आतून कसा चालतो याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो गेल्या दिवाळीनंतर आला, पडद्याच्या उजव्या कडेला असणाऱ्या एका उभ्या पट्टीमुळे. स्क्रोलबार. आई तिला सरकपट्टी म्हणते, आणि त्या पट्टीत वरखाली होणाऱ्या तुकड्याला ठोकळा. पुढे मीही तेच शब्द वापरते.

आईचा लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तिचा प्रोसेसर नव्हता. यंत्र मात्र ठणठणीत होतं. दिवाळी अंकांची धावपळ संपली तशी एका शनिवारी कांदिवलीहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि थोडी रॅम घेतली आणि अंधार पडायच्या आत चारकोपला परत आले. रात्री पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली, तिच्यातलं एक्सएफसीई डेस्कटॉपवालं रूप. जुन्या यंत्रावर ते हलकं चालतं, आणि खाली पट्टा, डाव्या कोपऱ्यात मेनू ही त्याची मांडणी आईच्या ओळखीची आहे. हे सगळं सरळ पार पडलं.

अडलं तिसऱ्या दिवशी. धाकट्या मावशीने तिच्याकडच्या ओव्यांची वही कुणाकडून तरी स्कॅन करून पीडीएफ पाठवली होती. आईने ती उघडली, पहिलं पान वाचलं आणि मावशीला फोन लावला. ‘अगं, एवढ्याच? तू तर वही भरली आहे म्हणालीस.’ मावशी पलीकडून सांगत होती की सगळी वही पाठवली आहे. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं. पीडीएफ १९ पानांची होती. पडद्यावर पहिलं पान नेमकं खालच्या कडेशी संपलं होतं आणि उजवीकडे पट्टीच नव्हती. मी माउस हलवला तशी एक बारीक राखाडी रेघ उमटली, आणि हात थांबवताच विरून गेली.

आई म्हणाली, ‘ही आत्ता होती ना? कुठे गेली?’

त्या रात्री मी शोधायला बसले. एक्सएफसीईचे बहुतेक प्रोग्रॅम जीटीके नावाच्या साहित्यावर, म्हणजे खिडक्या, बटणं, पट्ट्या यांच्या तयार सुट्या भागांवर, उभे आहेत. हे जीटीके मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी बनलं, म्हणून त्याच्या नावातला पहिला ‘जी’ गिंपचा. गिंप मी वर्षानुवर्षं वापरते, त्यामुळे एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. २०१५ साली जीटीकेच्या ३.१६ आवृत्तीत सरकपट्टी मजकुरावर तरंगणारी झाली: हवी तेव्हा दिसते, एरवी मजकुराला जागा करून देते. त्याआधी २०११ मध्ये उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या ११.०४ आवृत्तीनेही पातळ, तरंगत्या पट्टीचा एक प्रकार आणला होता. यामागचा विचार मला समजतो. पडदे लहान असतात, टचपॅडवर दोन बोटं सरकवली की काम होतं, पट्टी धरून ओढणारे लोक कमी झाले. पानाची रुंदी वाचवणं हे तर माझ्याच धंद्यातलं गणित.

पण पट्टी फक्त ओढायला नसते. पुस्तक हातात धरलं की डाव्या अंगठ्याखाली वाचलेली पानं असतात आणि उजव्या अंगठ्याखाली उरलेली. न मोजता कळतं, कुठवर आलो. पडद्यावर ती जाडी दाखवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे ही पट्टी. ती नाहीशी झाली की वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेऊन त्याला एकच सुटं पान दिल्यासारखं होतं. आईने मावशीला लावलेला फोन हा त्याचा सरळ परिणाम होता, तिच्या वयाचा नव्हे.

तरंगणं बंद करायला एक ओळ पुरली. आईच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट प्रोफाईल’ नावाची लपलेली फाईल असते. तिच्या शेवटी ‘एक्स्पोर्ट’ लिहून पुढे ‘जीटीके ओव्हरले स्क्रोलिंग’ हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये खालच्या रेघा देऊन, आणि त्याची किंमत शून्य. लॉगआऊट करून परत आत आले. पट्टी जागेवर आली आणि तिथेच राहिली.

आई सकाळी बसली, बघितलं, म्हणाली, ‘आता आहे. पण ही काडी मी धरू कशी?’

खरंच काडी होती. चांगली नजर आणि स्थिर हात असलेल्या माणसाला पुरेल इतकीच रुंद. आईचा बाण तिच्यावर जायचा, थरथरून बाजूला पडायचा, पुन्हा जायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला ठोकळा सापडायचा तोवर तिचा खांदा आखडून वर गेलेला असायचा. मी शेजारी बसून ते पाहत होते. वर्गात तासन्तास उभं राहून शिकवणारी बाई एका काडीसाठी एवढी दमताना पाहून मला फार वाईट वाटलं.

जीटीकेचं रूप सीएसएसमध्ये, म्हणजे रंग-आकार सांगणाऱ्या साध्या ओळींत, लिहिलेलं असतं, वेबसाइटचं असतं तसंच. आणि थीमच्या, म्हणजे तयार मिळालेल्या रूपाच्या, वर आपलं म्हणणं चढवण्यासाठी एक जागा ठेवलेली आहे: ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरमध्ये ‘जीटीके-३.०’ नावाचा फोल्डर, त्यात ‘जीटीके डॉट सीएसएस’ नावाची साधी टेक्स्ट फाईल. ती नसेल तर आपण करायची. तिच्यात लिहिलेलं थीमपेक्षा वरचढ ठरतं, थीमच्या फाईलला हात लावावा लागत नाही आणि पुढे थीम अपडेट झाली तरी आपलं लिखाण शाबूत राहतं. मी लिहिलं ते असं: स्क्रोलबारमधला स्लायडर, त्याची किमान रुंदी २२ पिक्सेल, किमान उंची ६० पिक्सेल.

फाईल सेव्ह केली, फोल्डर उघडला. काही फरक नाही. पुन्हा उघडला, तरी नाही. फाईलचं नाव तपासलं, कंस तपासले. तासभर गेल्यावर लक्षात आलं की फोल्डर दाखवणारा थुनार हा प्रोग्रॅम खिडकी बंद केली तरी मागे चालूच राहतो, आणि ही फाईल प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ‘थुनार’ आणि पुढे आडवी रेघ ‘क्यू’ लिहून त्याला पूर्ण बंद केलं, नव्याने उघडला, आणि पट्टी दिसली. जाड. कुणाला हे करायचं असेल तर तेवढा तास वाचावा म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

दुसरी अडचण रुंदीची. २२ लिहूनही डोळ्याला ठोकळा बारीक वाटत होता. आमच्या छपाईत एक म्हण आहे, चौकट मोजायची तर रेघेसकट मोजायची. इथेही तेच निघालं. ठोकळ्याभोवती थीमने पारदर्शक कडा ठेवली होती, त्यामुळे पट्टीत तो आकसलेला दिसत होता. कडा एक पिक्सेलवर आणली.

हे असं एकेक आकडा बदलून, प्रोग्रॅम बंद करून, परत उघडून बघणं फार वेळखाऊ होतं. मग जीटीकेचा इन्स्पेक्टर सापडला, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. टर्मिनलमध्ये ‘जीटीके डीबग’ची किंमत ‘इंटरॲक्टिव्ह’ ठेवून प्रोग्रॅम सुरू केला की शेजारी दुसरी खिडकी उघडते. पहिल्या खिडकीतलं प्रत्येक बटण, प्रत्येक रेघ तिच्यात उलगडून दिसते: स्क्रोलबार, त्याच्या पोटात कंटेंट्स, त्याच्या पोटात ट्रफ म्हणजे ठोकळ्याची खाच, आणि खाचेत स्लायडर. सीएसएसच्या टॅबमध्ये काही लिहिलं की शेजारची पट्टी त्याच क्षणी बदलते. कंस बंद करायचा राहिला तर चूक कुठल्या ओळीत आहे तेही सांगते.

मी आईला शेजारी बसवलं. ‘सांग कुठे थांबू.’ आकडा वाढवत गेले. २४ ला ती म्हणाली अजून. २८ ला म्हणाली, ‘हां, आता हाताला लागते.’ वेबसाठीची सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत, त्यांच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत बोटाने किंवा माउसने दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेल सांगितले आहेत. आईच्या हाताला २८ लागले. किमान म्हणजे सगळ्यांना पुरेसं असं नव्हे.

रंगावर मी जास्त वेळ घालवला, कारण तो माझा विषय. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. राखाडीवर राखाडी तिला दिसत नाही. त्याच तत्त्वांमध्ये २०१८ पासून असं आहे की बटणं, पट्ट्या अशा गोष्टींचा शेजारच्या रंगाशी उजेडाचा फरक निदान तीनास एक हवा. मी खाच फिक्या सायीच्या रंगाची केली आणि ठोकळा गडद निळा, शाईच्या दौतीतल्या निळ्यासारखा. ती म्हणाली, ‘फळ्यावरचा खडू दिसतो तसा दिसतोय.’ तो रंग मी परत बदलला नाही.

किमान उंचीबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. ठोकळ्याची लांबी खरं तर एकूण मजकुराचा केवढा भाग समोर आहे ते सांगते. १४२ पानांच्या फाईलमध्ये तो खरा असता तर जोंधळ्याच्या दाण्याएवढा झाला असता. ६० ची सक्ती केली की लांबी खोटं बोलते. जागा मात्र खरंच बोलते: ठोकळा मध्यावर असेल तर आपण मध्यावर असतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला कुठे आहे ते कळलं म्हणजे झालं, केवढा आहे ते नको.

यानंतरचे दोन दिवस छान गेले. आई मजकूर लिबर ऑफिसच्या रायटरमध्ये लिहिते, पण तपासताना त्याची पीडीएफ काढून एक्सरीडरमध्ये वाचते. मुद्रितं तपासायची तिची जुनी सवय आहे, लिहायची जागा आणि तपासायची जागा वेगळी हवी. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, ‘पट्टी मधेच जड होते गं.’

‘जड म्हणजे?’

‘म्हणजे मी ओढते तर येत नाही. बाण खाली जातो आणि ठोकळा मागेच राहतो. मग सोडून परत धरलं की हलकी होते.’

मी स्वतः ओढून पाहिलं. मला काही झालं नाही. पुन्हा पाहिलं, दहादा पाहिलं. माझ्या हातात पट्टी अगदी बरोबर चालत होती. मी तिला म्हटलं, आई, तुझ्या हातून बटण मधेच सुटत असेल. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पट्टीला हात लावला नाही, एकेक पान बाणाच्या किल्लीने पुढे नेत राहिली. तिच्या हाताबद्दल बोलल्याचं मला लगेच जाणवलं होतं, पण बोलून झालं होतं.

रात्री मी एक्सरीडर इन्स्पेक्टरसकट उघडला आणि तिला म्हटलं, तू तुझ्या पद्धतीने ओढ, मी पट्टीकडे न बघता या दुसऱ्या खिडकीकडे बघते. तिने बाण ठोकळ्यावर नेला, बटण दाबलं आणि थांबली. हात स्थिर व्हावा म्हणून ती दाबल्यावर क्षणभर थांबते, सुईत दोरा ओवताना श्वास धरतो तसं. मी कधीच थांबत नाही, दाबलं की लगेच ओढते. आणि ती थांबली त्या क्षणी इन्स्पेक्टरमध्ये स्क्रोलबारच्या नावापुढे, क्लासच्या रकान्यात, एक शब्द उमटला: फाइन-ट्यून.

जीटीकेमध्ये ही सोय मुद्दाम केलेली आहे. ठोकळा दाबून धरून ठेवला की पट्टी बारीक हालचालीच्या पद्धतीत जाते. बाण भरभर गेला तरी मजकूर हळू सरकतो, म्हणजे मोठ्या फाईलमध्ये नेमकी ओळ गाठता येते. आईचा हात चुकत नव्हता. ती जे करत होती त्याचा अर्थ प्रोग्रॅमने त्याच्या नियमाप्रमाणे लावला होता, आणि मी तो नियम माहीत नसताना तिच्या हाताला दोष दिला होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘बघ. मी म्हणत होते ना जड होते.’ तिच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता तो ऐकून मला समजलं, हे दोन दिवस तिने स्वतःच्या मनातही तेच धरलं होतं.

उपाय सोपा होता. सीएसएसच्या फाईलशेजारीच ‘सेटिंग्ज डॉट आयएनआय’ नावाची फाईल ठेवता येते. किती वेळ दाबलं म्हणजे ‘दाबून धरलं’ मानायचं याचा आकडा तिच्यात देता येतो. त्या सेटिंगचं नाव ‘जीटीके-लाँग-प्रेस-टाइम’, आणि मूळ किंमत ५००, म्हणजे अर्धा सेकंद. ती मी ५००० केली. आता आई सावकाश दाबते, थांबते, मग ओढते, आणि पट्टी हलकीच राहते.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली, ‘ते जडपण काढून टाकलंस ते बरं केलंस, पण मला ते हवं आहे. मी सांगेन तेव्हा.’ तिचं बरोबर होतं. पडद्यावर पट्टीची खाच साधारण ६०० पिक्सेल उंच. १४२ पानं त्यात बसवायची तर एका पिक्सेलला जवळपास पाव पान येतं. हात पाच पिक्सेल थरथरला की एक सबंध पान आणि वर थोडं उडून जातं. जड पट्टीत तेवढ्याच थरथरीने मजकूर अगदी थोडा हलतो. म्हणजे ज्या सोयीने तिला छळलं, तीच सोय तिच्या हातासाठी सगळ्यांत उपयोगाची होती. फक्त ती तिच्या हुकमाने यायला हवी होती. आणि तशी वाट जीटीकेमध्ये आधीपासून आहे: शिफ्ट दाबून ठोकळा धरला की तीच बारीक चाल लगेच सुरू होते. आईचा डावा हात कापत नाही. डावा शिफ्टवर, उजवा माउसवर. आता आमच्या घरात ‘जड कर’ आणि ‘हलकी कर’ असे दोन शब्द रूढ झाले आहेत.

त्याच फाईलमध्ये मी आणखी एक ओळ घातली. खाचेत मोकळ्या जागी क्लिक केलं की ठोकळा थेट तिथे उडी मारतो, ही जीटीके ३ ची नेहमीची रीत. कापत्या हाताने चुकून क्लिक झालं की चाळिसाव्या पानावरून माणूस एकदम नव्वदाव्यावर. ‘जीटीके-प्रायमरी-बटन-वॉर्प्स-स्लायडर’ या लांबलचक नावापुढे ‘फॉल्स’ लिहिलं की एका क्लिकला एकच पडदाभर मजकूर सरकतो.

माउसचं काम एका संध्याकाळी उरकलं, आणि ते एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्येच होतं, फाईली उघडाव्या लागल्या नाहीत. तिथे डबल-क्लिकचा वेळ असतो आणि अंतरही असतं. वेळ सगळ्यांना माहीत असतो. अंतराकडे कुणी बघत नाही, आणि आईचा खरा प्रश्न तोच होता. दोन क्लिकांच्या मध्ये बाण पाच पिक्सेलपेक्षा जास्त हलला तर डबल-क्लिक धरलं जात नव्हतं. मी ते वीस केलं. फाईल उचलून ओढण्यासाठी बाण किती हलावा लागतो तेही वाढवलं, कारण उघडायला गेलेल्या फाईली शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायच्या आणि आम्ही त्या शोधत बसायचो. बाणाचा आकार ४८. बस.

फायरफॉक्सचा संसार वेगळा, तो जीटीकेच्या या फाईली पट्टीसाठी मानत नाही. २०२२ च्या शंभराव्या आवृत्तीपासून लिनक्सवर त्याचीही पट्टी तरंगती झाली आहे, पण सेटिंग्जमध्ये पट्टी कायम दाखवायची एक चौकट आहे, ती खूण केली. जाडीसाठी ‘अबाउट कॉन्फिग’ या त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर जावं लागलं. ‘स्क्रोलबार साइज ओव्हरराइड’ असं शेवटी असलेलं नाव शोधून तिथे २८ घातले, आणि खाचेच्या पाऊण रुंदीचा असलेला ठोकळा पूर्ण रुंदीचा केला. तरी काही वेबसाइट स्वतःची बारीक पट्टी लादतात. त्यांचं काय करायचं ते आईने ठरवलं आहे: ती त्या वाचत नाही.

मधे एक वेगळंच प्रकरण निघालं, आणि त्यावर मात्र आमचं दोघींचं एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. रायटरमध्ये ओव्या उघडल्यावर आई म्हणाली, ‘हा श आपला नाही.’ बघितलं तर श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितला आहे, आणि आईने त्याच्या कितीतरी आधीपासून मुलांकडून तेच गिरवून घेतलं. फॉन्ट चुकीचा नव्हता. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा कुठली सांगितली आहे त्यावरून रूप निवडलं जातं. मी लिनक्स इंग्रजीतून बसवलं होतं, त्यामुळे रायटरने देवनागरी म्हणजे हिंदी असं धरलं होतं. पर्यायांमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांतल्या मजकुराची, भाषा मराठी केली, मग सगळा मजकूर निवडून त्याचीही भाषा मराठी केली, आणि १४२ पानांतले सगळे श, सगळे ल एका दमात वळले. आई चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिली. ‘आता माझ्या आईच्या ओव्या वाटतात,’ म्हणाली.

रायटर ती स्वतः शिकली आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिबर ऑफिसचे धडे मराठीतून आहेत, ते ती दुपारी लावते आणि थांबवत थांबवत वहीत टिपून घेते. टायपिंग इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीने. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र कुठल्या किल्लीने येतो हे मला आठवत नाही तेव्हा मी तिला विचारते, ती न बघता सांगते, शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरकी रेघ.

मी या सगळ्या फाईली, म्हणजे प्रोफाईलमधली एक ओळ, सीएसएस आणि सेटिंग्ज, एका पेनड्राइव्हवर घेऊन ठेवल्या आहेत. तिन्ही मिळून वीस-बावीस ओळी. आईच्या शाळेतल्या एक बाई महावीरनगरला राहतात, त्यांचीही नजर अधू झाली आहे. मागच्या रविवारी जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर त्याच ठेवल्या. त्यांना २८ जाड वाटली, त्या २४ वर थांबल्या. रंगही त्यांना निळा नको होता, मरून हवा होता. पाच मिनिटांचं काम.

आता आईची एकच मागणी उरली आहे. पट्टी डावीकडे हवी. ओवीचा आकडा डावीकडे असतो, ओळ डावीकडून सुरू होते, नजर तिथे असते, मग पट्टी उजवीकडे का, असा तिचा प्रश्न आहे. फायरफॉक्समध्ये ते जमलं: ‘लेआउट डॉट स्क्रोलबार डॉट साइड’ची किंमत ३ केली की पट्टी डाव्या कडेला येते. जीटीकेमध्ये पूर्वी अशी एक सेटिंग होती, पण ३.१० पासून ती मोडीत काढली आहे आणि आता लिहिली तरी तिकडे दुर्लक्ष होतं. उर्दू, अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषेत मेनू केले तर पट्टी डावीकडे येते, पण मग सगळंच उलटं होतं. मी अजून शोधते आहे. काल रात्री उशिरापर्यंत इन्स्पेक्टर उघडून बसले होते, तेव्हा आई आतून म्हणाली, ‘झोप आता. पट्टी कुठे पळून जात नाही.’